बत्तीस पौंड दहा शिलिंगांची सुट्टी



बत्तीस पौंड दहा शिलिंग. आजची गोष्ट या आकड्याभोवती फिरणार आहे, तेव्हा तो जरा लक्षात ठेवा. १९५० च्या मे महिन्यात लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावरून एक डकोटा विमान उडालं आणि भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिका बेटावर, काल्वी नावाच्या गावी उतरलं. जाण्यायेण्याचं भाडं, दोन आठवडे राहण्याची सोय आणि दोन्ही वेळचं जेवण या सगळ्याची मिळून किंमत होती बत्तीस पौंड दहा शिलिंग, आणि ती आगाऊ भरायची होती. हवाई पॅकेज टूरचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण सुरुवात इथून धरतात.

आता तुम्ही बंगळुरूत असा, इंदुरात असा, बडोद्यात किंवा हैदराबादेत असा, मे महिन्याच्या सुट्टीचा विषय घरात निघाला की हल्ली एखादं बेट हमखास पुढे येतं. माल्टा बघू या का? सांतोरिनी कसं आहे? मायोर्काला कोण जाऊन आलंय? मग व्हिसा, हॉटेल, विमानाचे दर, शाकाहारी जेवण मिळेल का, हे सगळं सुरू होतं. त्याची उत्तरं देणारे पुष्कळ आहेत. आपण त्याच्या मागे जाऊ. समुद्रकिनारी, ओळखपाळख नसलेल्या बेटावर पंधरा दिवस जाऊन राहायचं, तिथे काम काही नाही, तीर्थयात्रा नाही, नातेवाईक नाहीत, व्यापार नाही, हे मुळात लोकांच्या डोक्यात आलं कसं? आणि साध्या पगारदार माणसाला ते परवडायला लागलं ते कुणामुळे?

यासाठी आधी एका फसलेल्या सहलीकडे जायला हवं. साल १८३८. जॉर्ज सँड ही फ्रेंच लेखिका, तिची दोन मुलं मॉरिस आणि सोलांज, आणि सोबत पियानोवादक, संगीतकार फ्रेडरिक शोपँ. शोपँला खोकला, मॉरिसला संधिवात. पॅरिसच्या थंडीत राहण्यापेक्षा दक्षिणेला उबेत जाऊ, असं ठरलं आणि त्यांनी स्पेनचं मायोर्का बेट निवडलं. निवडताना प्रत्यक्ष चौकशी किती केली होती कोण जाणे. तिथे ऊन असतं, खजुरीची झाडं असतात, आणि राहणं स्वस्त पडतं, एवढ्यावर काम भागलं असावं. आजही आपण फोटो बघून ठरवतोच की!

बार्सिलोनाहून 'एल मायोर्किन' नावाची आगबोट वर्षभरापूर्वीच सुरू झाली होती. या बोटीचा खरा धंदा माणसं नेण्याचा नव्हताच. मायोर्काहून मुख्य भूमीवर डुकरं न्यायची, हा तिचा व्यवसाय. माणसं म्हणजे वरकमाई. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ही मंडळी पाल्मा शहरात उतरली आणि त्यांच्या लक्षात आलं की इथे हॉटेल नावाची गोष्ट नाही. त्यातून स्पेनमध्ये तेव्हा कार्लिस्टांचं यादवी युद्ध चालू होतं, मुख्य भूमीवरून पळून आलेल्या कुटुंबांनी शहर भरलेलं. शेवटी लाकडी पिंपं बनवणाऱ्या एका कारागिराच्या दुकानावर खोल्या मिळाल्या. दिवसभर खाली ठोकाठोक, आणि वर युरोपातला सर्वांत नाजूक कानाचा माणूस!

तिथून ते शहराबाहेर एका भाड्याच्या बंगल्यात गेले. पहिले काही दिवस छान गेले. शोपँनं पॅरिसला पत्र लिहिलं, त्यात आकाश, समुद्र, डाळिंबं, सगळ्याचं कौतुक आहे. मग पाऊस लागला. उन्हाळ्यासाठी बांधलेलं घर, धुराडं नाही, भिंती ओल धरणाऱ्या. कोळशाची शेगडी पेटवली की धूर, आणि धुरानं खोकला. बेटावरचे तीन नामांकित डॉक्टर आले. त्यांच्याबद्दल शोपँनं मित्राला गमतीनं लिहिलं ते प्रसिद्ध आहे: त्याच्या मते एकानं तो मेला आहे असं सांगितलं, दुसऱ्यानं मरतो आहे असं, आणि तिसऱ्यानं मरणार आहे असं. पण यातली गंभीर गोष्ट अशी की क्षय हा संसर्गजन्य रोग आहे असं स्पेनमध्ये तेव्हा मानत, फ्रान्समध्ये मानत नसत. गावात बातमी पसरली. घरमालकानं घर सोडायला सांगितलं, वर रोग्यानं वापरलेल्या वस्तू जाळण्याचा आणि घराला चुना लावण्याचा खर्चही मागितला. सँडला हा निव्वळ रानटीपणा वाटला. आज मात्र आपण वैद्यकशास्त्राच्या बाजूनं बघितलं, तर शहाणपण बेटावरच्या लोकांकडे होतं.

डिसेंबरच्या मध्याला ते डोंगरातल्या वाल्देमोसा गावच्या मठात राहायला गेले. तीन वर्षांपूर्वी स्पॅनिश सरकारनं मठांच्या मालमत्ता ताब्यात घेऊन साधूंना बाहेर काढलं होतं, त्यामुळे त्यांच्या खोल्या भाड्यानं मिळत. शोपँनं पॅरिसहून मागवलेला प्लेयेल कंपनीचा पियानो जकात नाक्यावर अडकून बसला होता. घासाघीस होऊन तो मठात पोचला तेव्हा मुक्कामाचे तीन-चार आठवडेच उरले होते. तरी त्या ओल्या खोलीत त्यानं आपले प्रेल्यूड पुरे केले, हे खरं. फेब्रुवारी १८३९ मध्ये सगळे परत निघाले, त्याच बोटीनं, आणि या वेळी खाली डुकरं भरलेली होती. कप्तानानं शोपँला बोटीवरचा सगळ्यात वाईट पलंग दिला. कारण एकच, तो पलंग नंतर जाळावा लागणार होता.

घरी गेल्यावर सँडनं या हिवाळ्यावर पुस्तक लिहिलं. निसर्गाची स्तुती, आणि माणसांना चोर, माकडं अशा शेलक्या शिव्या. १८४१ मध्ये ते फ्रेंच मासिकात आलं आणि त्याच वर्षी पाल्मातल्या होसे मारिया क्वाद्रादो नावाच्या तरुण विद्वानानं तिला कडक छापील उत्तर दिलं. पाहुणा आणि यजमान यांच्यातलं हे भांडण तेव्हापासून आजतागायत चालूच आहे, फक्त भाषा बदलली. गंमत म्हणजे ते शिव्यांचं पुस्तक आज वाल्देमोसात अनेक भाषांत विकायला ठेवलेलं असतं.

मी ही गोष्ट एवढी लांबवली, कारण बेटावर सुट्टी घालवायला काय काय लागतं याची यादीच त्यातून हाती येते. वेळेवर निघणारं आणि माणसांसाठी असलेलं वाहन लागतं. उतरल्यावर खोली तयार लागते. ऋतूची माहिती लागते. भाषा न येणाऱ्या माणसाच्या वतीनं घासाघीस करणारा कुणीतरी लागतो. यातलं सँडकडे काहीच नव्हतं. तिच्याकडे पैसा आणि मोकळा वेळ होता, म्हणून ती निदान निघू तरी शकली. ज्या १८४१ साली तिचा मजकूर छापला गेला, त्याच वर्षी जुलैत इंग्लंडमध्ये थॉमस कुक नावाच्या दारूबंदीवाल्या सुतारानं लेस्टरहून लाफबरोला एका शिलिंगात सुमारे पाचशे माणसं आगगाडीनं नेली. सगळी व्यवस्था एकानं करायची आणि बाकीच्यांनी फक्त पैसे भरायचे, ही कल्पना तिथे रुजली. पण कुकचे पुढचे परदेश प्रवास मध्यमवर्गासाठी होते. गिरणीतल्या कामगाराला त्याचा उपयोग नव्हता. त्याला रजाच नव्हती.

रजेचा हा मुद्दा आपण नेहमी विसरतो. पगारी रजा हा कायद्यानं मिळालेला हक्क आहे आणि तो फार जुना नाही. फ्रान्समध्ये १९३६ साली लोकआघाडीचं सरकार आलं, देशभर संप झाले आणि कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ब्रिटनमध्ये १९३८ साली कायदा झाला, त्यात एका आठवड्याची तरतूद होती. लगेच पुढच्या वर्षी महायुद्ध पेटलं. म्हणजे हक्क कागदावर आला आणि समुद्रकिनाऱ्यांवर काटेरी तारा लागल्या.

पण युद्धानं दुसऱ्या बाजूनं बेटांची तयारी करून ठेवली, हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. कॉर्सिकाचंच बघा. १९४३ मध्ये बेट मुक्त झालं आणि अमेरिकी हवाई दलानं तिथे धावपट्ट्यांची रांग लावली. इतक्या, की विनोदानं त्या बेटाला विमानवाहू नौकेचं नाव द्यायचे. 'कॅच ट्वेंटी टू' लिहिणारा जोसेफ हेलर तिथूनच बॉम्बफेकी विमानात बसत असे. दुसरी गोष्ट मलेरियाची. भूमध्य समुद्रातल्या बऱ्याच बेटांचे सखल किनारे शतकानुशतकं हिवतापाचे होते. म्हणून जुनी गावं डोंगरावर असत आणि किनाऱ्याची जमीन हलकी समजली जाई. वाटणीत ती धाकट्याला किंवा मुलीला द्यायची, असं मायोर्कात आणि कॉर्सिकात दोन्हीकडे सांगतात. अमेरिकनांनी कॉर्सिकाच्या पूर्व किनाऱ्यावर डीडीटी फवारलं. शेजारच्या सार्दिनियात १९४६ पासून रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं पाच वर्षांची मोठी मोहीम झाली आणि हिवताप गेला. जी जमीन कुणाला नको होती ती दहा-वीस वर्षांत सोन्याच्या भावाची झाली. अर्थात ज्यांनी ती वेळेआधी विकली त्यांना त्यातलं काही मिळालं नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे विमानं. युद्ध संपल्यावर डकोटा विमानं भंगाराच्या भावानं मिळत होती. १९४८-४९ मध्ये रशियानं बर्लिनची नाकेबंदी केली, तेव्हा अन्नधान्य आणि कोळसा विमानांनी पोचवण्यात ब्रिटनच्या लहान खाजगी कंपन्यांना भरपूर काम मिळालं. नाकेबंदी उठली, आणि विमानं व वैमानिक दोन्ही रिकामे झाले.

आता आपला माणूस येतो. व्लादिमीर राइट्झ. १९२२ साली मॉस्कोत जन्म, लहानपणीच देश सुटला, लंडनला शिक्षण, रॉयटर वृत्तसंस्थेत नोकरी. १९४९ च्या उन्हाळ्यात तो काल्वीला सुट्टीवर गेला. तिथे रशियातून परागंदा झालेल्या लोकांनी किनाऱ्यावर तंबूंची एक छावणी चालवली होती, क्लब ऑलिम्पिक नावाची. काल्वीच्या किल्ल्यात आजही 'शे ताओ' नावाचा बार आहे, तोही रशियन राज्यक्रांतीनंतर आलेल्या एका कॉकेशियन माणसानंच काढला. तर छावणीवाल्यांनी राइट्झला विचारलं, लंडनहून गिऱ्हाइकं आणशील का? अडचण एवढीच होती की लंडनहून काल्वी म्हणजे आगगाडी, बोट, पुन्हा आगगाडी, पुन्हा बोट असे दोन दिवस. दोन आठवड्यांच्या रजेतले चार दिवस रस्त्यातच जाणार. आणि विमानानं यायचं म्हटलं तर सरकारी कंपनीचं नीसपर्यंतचंच परतीचं भाडं सत्तर पौंड.

राइट्झनं गणित मांडलं. बत्तीस खुर्च्यांचं अख्खं डकोटा भाड्यानं घ्यायचं. ते प्रत्येक खेपेला भरलं, जाताना एक तुकडी सोडून येताना आधीची तुकडी आणली, तर प्रत्येक माणसामागे खर्च किती? बत्तीस पौंड दहा शिलिंगांत विमान, तंबूतली खाट, दिवसातून दोनदा मांसाचं जेवण आणि हवी तेवढी स्थानिक वाइन, एवढं बसतं. आपल्याला मांसाचा उल्लेख क्षुल्लक वाटेल. पण ब्रिटनमध्ये तेव्हा मांस रेशनवर होतं आणि १९५४ पर्यंत राहिलं. लंडनच्या शिक्षिकेला समुद्रापेक्षा जाहिरातीतली ती ओळ जास्त मोहात पाडणारी वाटली असेल, असं मला वाटतं. स्वस्त किती, तेही बघा. ब्रिटनमधल्या पुरुष कामगाराची आठवड्याची कमाई तेव्हा सरासरी साडेसात पौंडांच्या आसपास होती. म्हणजे महिन्याहून जास्त मेहनतीची कमाई. स्वस्त म्हणण्यासारखं नाही, पण सत्तर पौंडांच्या मानानं हाताला लागण्यासारखं होतं.

त्याच्याकडे आजीकडून वारशानं आलेले थोडे पैसे होते, त्यातून त्यानं होरायझन हॉलिडेज ही कंपनी काढली. गणित बरोबर होतं, परवानगी मात्र नव्हती. १९४६ च्या कायद्यानं ब्रिटनमधली नियमित हवाई वाहतूक सरकारी कंपन्यांच्या हातात होती. खाजगी माणसानं त्यांचे प्रवासी पळवू नयेत याची काळजी मंत्रालय घेत होतं. राइट्झ कित्येक महिने खेटे घालत राहिला. अखेर १९५० च्या वसंतात परवानगी आली, एका अटीवर: फक्त विद्यार्थी आणि शिक्षक न्यायचे. बाबू लोकांचा हिशेब असा असावा की ही मंडळी एरवी सत्तर पौंडांचं तिकीट काढणारच नाहीत, मग नुकसान कुणाचं? राइट्झनं शिक्षकांच्या नियतकालिकांत जाहिराती दिल्या.

प्रवास सहाएक तासांचा होता, वाटेत फ्रान्समध्ये इंधनासाठी थांबा. काल्वीला धावपट्टी होती, विमानतळ म्हणावा अशी इमारत नव्हती. राहायला लष्करी तंबू. पहिल्या मोसमात मिळून सुमारे ३०० लोक गेले. तीनशे माणसं म्हणजे आपल्याकडच्या एका लग्नाची पंगत! त्याच उन्हाळ्यात मायोर्काच्या अल्कुदिया किनाऱ्यावर जेरार्ड ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन खेळाडूनं लष्कराच्या जुन्या तंबूंमध्येच अशी एक छावणी सुरू केली. तिचं नाव क्लब मेदितेरानी, आज जगभर पसरलेलं क्लब मेड. म्हणजे दोन वेगळ्या माणसांना, दोन बेटांवर, एकाच वर्षी, जवळपास सारखीच गोष्ट सुचली. पगारी रजा, रिकामी विमानं, मोडीतले तंबू आणि डास गेलेले किनारे हे सगळं एकाच वेळी समोर येऊन पडलं होतं. कुणीतरी ते उचललंच असतं.

इथे थांबून आपल्या घरची एक गोष्ट आठवा. साहेबाच्या देशातल्या माणसालाही स्वतःच्या पैशानं परदेशी हिंडायला सरकारची परवानगी लागत होती, हे ऐकून आश्चर्य वाटेल. पण आपल्या आधीच्या पिढीला विचारा. रिझर्व्ह बँकेचा 'पी फॉर्म' मंजूर झाल्याशिवाय परदेशाचं तिकीट निघत नसे, आणि साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेला निघालेल्या इंजिनिअरच्या हाती अधिकृतपणे आठ डॉलर ठेवले जात. परकीय चलन देशासाठी जपायचं होतं. ब्रिटननंही १९६६ ते १९७० मध्ये प्रवाशाला वर्षाला पन्नास पौंडांची मर्यादा घातली होती. पण त्यात विमानाचं भाडं धरत नसत, त्यामुळे सगळं एकत्र बांधून विकणाऱ्या पॅकेजवाल्यांचा धंदा उलट वाढला. आपल्याकडे २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं उदार प्रेषण योजना आणली, वर्षाला पंचवीस हजार डॉलरची. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. भूमध्य बेटांवर मराठी कुटुंबं दिसू लागली त्याच्या मुळाशी अशा परिपत्रकांचाही हात आहे.

पुढची वाटचाल भराभर सांगतो. १९५२ मध्ये होरायझननं मायोर्का घेतलं, मग सार्दिनिया. १९५९ मध्ये फ्रँकोच्या स्पेनला परकीय चलनाची नड पडली, पेसेटाचं अवमूल्यन झालं, पश्चिम युरोपीय पर्यटकांचा व्हिसा रद्द झाला. १९६० मध्ये पाल्माला नवीन विमानतळ सुरू झाला, आणि जेट विमानं आली. बॅलेरिक बेटांवर १९५० साली लाखाच्या आसपास पाहुणे येत, १९७३ पर्यंत ते तीस लाखांच्या पुढे गेले. हॉटेलं किनाऱ्याला अशी चिकटून बांधली की त्यावरून युरोपीय भाषांमध्ये एक शब्दच पडला, 'बॅलेरिकीकरण', म्हणजे सिमेंटनं किनारा गिळणं.

मग हिशेब कोसळला. इंग्लंडमध्ये एक नियम होता: पॅकेजची किंमत नियमित विमानाच्या सर्वांत स्वस्त परतीच्या तिकिटाखाली आणायची नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो सैल झाला आणि किमतींची जीवघेणी चढाओढ लागली. त्यात १९७३ चं तेलसंकट. होरायझन अडचणीत आली आणि कोर्ट लाइन नावाच्या गटानं ती विकत घेतली. त्याच गटाकडे क्लार्कसन्स ही सगळ्यात मोठी स्वस्त टूर कंपनीही होती. १५ ऑगस्ट १९७४ ला, ऐन हंगामात, कोर्ट लाइन बुडाली. सुमारे पन्नास हजार लोक परदेशात अडकले. त्याहून जास्त लोकांनी पुढच्या सुट्टीचे पैसे आगाऊ भरलेले होते, ते पैसे गेले असंच त्यांना वाटलं. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं कायदा करून त्यासाठी वेगळा निधी उभा केला. आज त्या देशात पॅकेज घेणाऱ्याला जे संरक्षण मिळतं, त्याची जडणघडण या घोटाळ्यातून झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये खुद्द थॉमस कुक कंपनी बुडाली, तेव्हा ब्रिटिश सरकारनं सुमारे दीड लाख लोकांना विमानं पाठवून परत आणलं ते याच व्यवस्थेमुळे शक्य झालं. आपल्याकडची थॉमस कुक इंडिया तेव्हा वेगळ्या मालकीची होती, २०१२ पासूनच, त्यामुळे तिचं दुकान चालू राहिलं. पण लक्षात घ्या, आपण सहलीचे दोन-तीन लाख रुपये चार महिने आधी एखाद्याच्या खात्यात टाकतो तेव्हा तो बुडाला तर काय, हा प्रश्न क्वचितच विचारतो. तेव्हा पैसे भरण्याआधी करारातला परताव्याचा भाग वाचा, एवढं तरी करा.

आता राहिला प्रश्न बेटावरच्या लोकांचा. इथे कॉर्सिका आणि मायोर्का यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जिथून हे सगळं सुरू झालं त्या कॉर्सिकाचं क्षेत्रफळ मायोर्काच्या दुपटीहून जास्त आहे आणि लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास, मायोर्काच्या निम्म्याहून कमी. बॅलेरिक किनाऱ्याचं काय झालं ते कॉर्सिकन लोक समोर बघत होते. १९७५ मध्ये फ्रान्स सरकारनं किनाऱ्याच्या जमिनी विकत घेऊन राखणारी संस्था काढली, आज कॉर्सिकाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त किनारा तिच्याकडे आहे. १९८६ मध्ये किनारा संरक्षणाचा कायदा झाला. पण हे सगळं सनदशीर मार्गानंच झालं असं समजू नका. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या सशस्त्र राष्ट्रवादी संघटनेनं पुढची कित्येक वर्षं बाहेरच्यांचे सुट्टीचे बंगले आणि पर्यटन संकुलं स्फोटकांनी उडवली. २०१४ मध्ये त्यांनी शस्त्रं खाली ठेवली. बिल्डर कॉर्सिकात बिचकले त्यात कायद्याचा वाटा किती आणि बॉम्बचा किती, यावर तिथे अजून वाद होतो. आणि एवढं होऊनही बेटावरची जवळपास तीस टक्के घरं दुय्यम आहेत, वर्षातले बरेच महिने कुलूपबंद. स्थानिक जोडप्याला घर मिळत नाही ही तक्रार तिथेही आहेच.

मायोर्कानं पाहुण्यांवर पैसा कमावला, आणि भरपूर कमावला, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या बेटावरून लोक पोटासाठी क्यूबा, अर्जेंटिना गाठत, तिथे आता बाहेरून कामगार येतात. पण १९९५ ते १९९७ मध्ये पाणी इतकं कमी पडलं की मुख्य भूमीवरून एब्रो नदीचं पाणी टँकर जहाजानं पाल्माला आणावं लागलं. २०२३ साली बॅलेरिक बेटांवर सुमारे १ कोटी ७८ लाख पर्यटक आले, आणि तिथे राहणारे लोक साधारण १२ लाख. जुलै २०२४ मध्ये पाल्माच्या रस्त्यांवर हजारो लोकांनी मोर्चा काढला. मागणी पर्यटकांना हाकला अशी सरसकट नव्हती. घरभाडी आवरा, सुट्टीच्या भाड्यासाठी दिलेल्या घरांना मर्यादा घाला, असं म्हणणं होतं. त्या मोर्चातले बरेच जण स्वतः हॉटेलांत काम करणारे असणार, यात मला विसंगती दिसत नाही. ज्या खोल्या ते सकाळी आवरतात, तसल्या खोलीचं भाडं त्यांना परवडत नाही.

म्हणून तुम्ही बेट ठरवत असाल तर इतिहासातून निघणाऱ्या दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. जुलै-ऑगस्ट टाळा. आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी त्या दृष्टीनं फार सोयीची आहे, कारण राइट्झचं पहिलं विमानही मे महिन्यातच गेलं होतं. हवा चांगली, गर्दी कमी, फक्त समुद्र जरा गार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गेलात तर शोपँसारखा पाऊस लागू शकतो, तेवढं धरून चाला. मायोर्का आणि कॉर्सिका दोन्हीला शेंगेन व्हिसा लागतो. परतीचं तिकीट, राहण्याचा पुरावा, बँकेचं स्टेटमेंट, तीस हजार युरोंचा विमा, हे सगळं आधी दाखवावं लागतं. १९५० मध्ये ब्रिटिश मंत्रालय विचारत होतं की तू शिक्षक आहेस का, आपल्याला आज विचारतात की तू परत जाशील का.

काल्वीला गेलात तर किनाऱ्यालगत जाणारी छोटी आगगाडी घ्या. ती लिल-रूसपर्यंत जाते आणि वाटेत समुद्राच्या इतक्या जवळून धावते की खिडकीतून वाळू दिसते. आणि वाल्देमोसाला गेलात, तर मठात शोपँची खोली म्हणून दोन खोल्या दाखवल्या जात होत्या, दोन वेगळ्या मालकांच्या, आणि दोन्हीकडे पियानो. वर्षानुवर्षं भांडण चाललं. २०११ मध्ये पाल्माच्या न्यायालयानं निकाल दिला: शोपँ राहिला ती खोली क्रमांक चार, आणि दुसऱ्या खोलीतला पियानो त्याचा नव्हे. तिकीट काढण्याआधी क्रमांक बघून घ्या.